होतकरू लेखकाची विनोदी डायरी लिहायचीय? मग आधी नऊ जानेवारीची सोय करा

मी डीटीपी करतो, म्हणजे टायपिंग आणि पानं लावायचं काम, सोलापुरात, नवी पेठेतल्या एका बोळात. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइक बसलं की करकरणारी एक खुर्ची. लग्नपत्रिका, वास्तुशांती, दहाव्याचे कागद हे बारमाही काम, आणि पावसाळा लागला की हस्तलिखितं. त्यात एक प्रकार दरवर्षी येतो म्हणजे येतोच, लेखक व्हायला निघालेल्या माणसाची विनोदी काल्पनिक डायरी. कल्पना चांगलीय, पण वह्या सगळ्या एकाच जागी मरतात. 1 जानेवारी चार पानं. 2 जानेवारी दोन पानं. 5 ला "आज विशेष काही नाही." 9 नंतर कोरं. आणि ज्या पुढं जातात त्यात विनोद कमी आणि गाऱ्हाणं जास्त, ते टाइप करताना मला हसू येत नाही आणि नंतर पैसे मागायला पण कसंतरीच वाटतं.

घोळ होतो तो क्रमाचा. लोक वही उघडून थेट पहिली नोंद लिहितात, आणि ती खरं तर पाचवी पायरी आहे. खाली क्रमानं सांगतो, मधली गाळू नका, गाळली की परत 9 जानेवारी.

टप्पा 1: आधी माणूस ठरवा

वही नको, एक पाठकोरा कागद घ्या. मधोमध रेघ मारा. डावीकडं लिहा "त्याला काय वाटतं", उजवीकडं "बाकीच्यांना काय दिसतं". दोन्हीकडं दहा-दहा ओळी भरल्याशिवाय उठायचं नाही. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचा सगळा विनोद या दोन रकान्यांच्या मधल्या फटीतून येतो.

उदाहरणाला एक माणूस धरू. वय 41, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बिलं करतो, घर जुळे सोलापूरला, टोपणनाव "निःशब्द". डावीकडं: "मी मोजकंच लिहितो." उजवीकडं: गेल्या वर्षी सात वह्या भरल्या, तीन हिनं रद्दीत घातल्या. डावीकडं: "मध्यरात्री मी खिडकीशी उभा राहतो, ते चिंतन." उजवीकडं: शेजाऱ्यांना वाटतं ह्याचे हप्ते थकलेत. कळलं ना? डावा रकाना डायरीत लिहिला जातो. उजवा कधीच लिहायचा नाही, तो वाचकानं आपला आपण ओळखायचा, आणि आपल्या माणसाला तो वर्षभर दिसता कामा नये. ज्या दिवशी डायरीवाला लिहितो की "मी किती मूर्ख होतो", त्या दिवशी दुकान बंद.

त्याची नोकरी नुसती सांगण्यापुरती ठेवू नका. माणूस ज्या धंद्यात असतो त्याच्या मापात विचार करतो. आपला माणूस टॉवेल मोजतो, म्हणजे कविता पण डझनात मोजणार: "आज पाऊण डझन झाल्या. दोन सेकंडला काढल्या." (सेकंड म्हणजे खोट निघालेला माल.) शिक्षक असता तर स्वतःला दहापैकी मार्क दिले असते, मेडिकलवाला असता तर कवितेची एक्स्पायरी बघितली असती. हे एकदा सापडलं की उपमा शोधत बसावं लागत नाही.

आणि त्याला एक खरा गुण द्या. हे लोक हमखास विसरतात. नुसता बावळट माणूस पंधरा पानं चालतो, सोळाव्याला वाचक वही मिटतो. आपला निःशब्द दुसऱ्याची कविता शेवटपर्यंत ऐकतो, मोबाइल न बघता, सगळ्या गावात असा एकटाच. अजून एक करता आलं तर बघा: महिन्यातून एकदा त्याच्या हातून एखादी ओळ खरंच चांगली पडू द्या, पण कवितेत नको, जिथं तो साहित्य करत नाहीये तिथं, म्हणजे आई दारात बसून शेंगा निवडतीय असं काहीतरी साधं लिहिताना. आणि ती ओळ चांगलीय हे त्याला कळू देऊ नका.

सावधान: हा माणूस म्हणजे तुम्ही नाही. तुमची कथा कुठून तरी परत आली त्याचा राग इथं काढायचा नाही. परीक्षा सोपीय, तुम्ही जे मेलात तरी करणार नाही असं एक काम तो करतो का? करत नसेल तर कागद फाडा, परत रेघ मारा.

टप्पा 2: भोवतीची माणसं, पाचच

जास्त नकोत. बायको, आई, आठवीतली मुलगी, एक मेव्हणा, एक शेजारी. प्रत्येकाला एकच सवय द्या आणि ती वर्षभर सोडू नका. बायको कागदाच्या मागच्या बाजूला किराणा लिहिते. आई विचारते, "अरे, ह्याचे पैसे कधी देणारेत?" मुलगी बापाचं शुद्धलेखन लाल पेननं सुधारते. मेव्हण्याची एक चारोळी कधीतरी पेपरात छापून आलीय, एकच, पण लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलीय. शेजारचे मामा जन्मभर मागावर राबलेले, घरात तेलुगू बोलतात, आपला माणूस जे काही वाचून दाखवेल त्यावर म्हणतात "बरंय की." बस. ह्या "बरंय की" वरनं आपल्या माणसानं अर्धं पान विश्लेषण करायचं.

खरी नावं, खरे पत्ते घालू नका. आपलं गाव मोठं दिसतं, पण अशोक चौकात बोललेलं सात रस्त्याला पोचायच्या आत कळतं. आणि नुसतं आडनाव बदलून भागत नाही, चष्मा, गाडी, नोकरी सगळं बदला.

टप्पा 3: भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा

डायरी कुठल्या वर्षाची ते ठरवा आणि त्या वर्षाचं खरं कॅलेंडर समोर ठेवा. "14 जानेवारी, रविवार" असं मनानं लिहून आणणारे मला दरवर्षी भेटतात. 2026 धरा, 1 जानेवारी गुरुवार, 14 बुधवार. वार चुकला की वाचक पकडतो, आणि एकदा पकडलं की पुढचं सगळं त्याला खोटं वाटतं.

आता वर्षातल्या खुंट्या मारून घ्या, ज्याला नोंदी अडकवता येतील. 2026 ला 1 ते 4 जानेवारी साताऱ्यात मराठी साहित्य संमेलन, आणि नेमका त्याच दिवसांत आपल्या माणसाला कारखान्यात वर्षअखेरचा स्टॉक मोजायचाय, म्हणजे वर्षाची सुरुवातच गोण्या मोजत. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावर गड्डा म्हणजे जत्रा, पाळणे, भोंगे, त्यात हा "एकांत शोधायला" तलावाकाठी गेलेला. 27 फेब्रुवारी, शुक्रवार, मराठी भाषा गौरव दिन, त्या दिवशी त्याला कुठंतरी बोलवतील, नक्की कुठं ते टप्पा 6 मध्ये. 19 मार्चला पाडवा, नवा संकल्प. एप्रिल-मेत आपल्याकडं पारा चाळीसच्या वर, कागद घामानं चिकटतो, तेव्हा नोंदी आपोआप लहान होऊ द्या. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाचा मान. हे फुकट सोडू नका: सासर बार्शीला, सासूबाईंनी 33 अनारसे दिले, म्हणून ह्यानं बदल्यात 33 कविता ऐकवायचं ठरवलं, सातवीला सासरे म्हशीला पाणी दाखवायला उठले ते जेवायलाच आले. अधिक मासामुळं दिवाळी पण लांब, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळी अंकाची वाट बघायला त्याला भरपूर दिवस.

एक खुंटी मोकळी ठेवा. 12 जानेवारी. 1931 ला त्या दिवशी आपल्या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिलं, मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. त्या तारखेला विनोद नको, दोन साध्या ओळी लिहा नाहीतर पान कोरं. सोलापूरचा वाचक हे बघतो.

आणि नळाचं पाणी. आपल्याकडं ते रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं आणि भलत्या वेळी येतं, हे डायरीसाठी फारच सोयीचंय. त्याचा पहाटेचा "लेखनाचा तास" आणि पाण्याची वेळ एकच ठेवा. कॅलेंडरवर दर पाचव्या दिवशी निळा ठिपका मारा, त्या दिवशी काहीही सुचलेलं असलं तरी वरच्या ओळीत "पाणी आलं" असंच यायला पाहिजे.

तपासा: कॅलेंडरवर निदान पंचवीस खुणा झाल्या का? नसतील तर पुढं जाऊ नका, 9 जानेवारी याच्यामुळंच येते.

टप्पा 4: निराशा आधी गोळा करा, मग निवडा

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. आठवडाभर घाला म्हणतो मी.

लोक निराशा फार मोठ्या घेतात. नोकरी गेली, बायको माहेरी गेली, बाप वारला आणि शेवटचा शब्द "लिही" असा होता. असल्यावर कोण हसणार? माझा नियम असाय, एका निराशेनं त्याचं पाचशे रुपयांपेक्षा जास्त नुकसान व्हायला नको, नाहीतर दोन तासांपेक्षा जास्त. वर्षात एकच मोठी चालेल. माझ्याकडनं घ्यायची असेल तर ही घ्या: त्यानं पुस्तकाला आयएसबीएन नंबर (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मिळवून देतो म्हणणाऱ्या माणसाला दीड हजार दिले, आणि मुलीनं शाळेच्या प्रोजेक्टसाठी शोधताना सांगितलं, "बाबा, हा तर भारतात फुकट मिळतो." खरंच फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी देते. त्या रात्रीची नोंद एकाच ओळीची ठेवा.

बाकीच्या बारक्या. नावाचं स्पेलिंग चुकलेलं प्रमाणपत्र. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कथा ईमेलनं पाठवली ती तिकडं उघडली तेव्हा चौकोन आणि चिन्हांचा चिवडा, आणि संपादकांनी "प्रयोग आवडला नाही" असं कळवलं (हे खरं घडू शकतं, फॉन्टचं टप्पा 9 मध्ये बोलू). कविसंमेलनात चौतीस कवी, ह्याचा नंबर एकतिसावा: "माझी कविता मांडववाल्यानं शेवटपर्यंत ऐकली. मी सतरंजीवर उभा होतो." मित्र कट्ट्यावर विचारतो, "काय लिहलालास बे, उधारी का?"

यादी झाली की प्रत्येक निराशेचे चार तुकडे करा: आशा, वाट बघणं, बातमी, सारवासारव. माझ्याकडं येणाऱ्या वह्यांमध्ये फक्त तिसरा तुकडा असतो, "कथा परत आली". अहो, हसू तर दुसऱ्या आणि चौथ्यात आहे! वाट बघताना माणूस काय काय करतो ते आठवा, पोस्टमनला चहा पाजतो, मोबाइलची रेंज बघायला गच्चीवर जातो, दार वाजलं की शर्ट घालतो. आणि बातमी आल्यावर तिच्यातनं मान शोधून काढतो. हे चार तुकडे चार वेगळ्या तारखांना पडायला पाहिजेत. तीन-चार निराशा एकमेकांत अशा गुंतवा की एकीची आशा चालू असताना दुसरीची बातमी येतीय, म्हणजे वही कधीच थंड पडत नाही.

आणि वर्षात एकदा त्याला यश द्या, पण भलत्याच ठिकाणी. माझ्या मते अशा डायरीचं सोनं हेच. उदाहरणार्थ, उन्हाळ्यात गल्लीतली बायामाणसं येतात, "तुम्ही लिहिता म्हणे, पाण्याचा एक अर्ज लिहून द्या." हा रात्रभर जागून अर्ज लिहितो, त्यात "तृषार्त" शब्द घालतो, मुलगी तो खोडते. सकाळी सगळी गल्ली सह्या करते. नोंद अशी: "42 वाचक. सगळ्यांनी खाली सही केली. मामा म्हणाले बरंय की." 

टप्पा 5: आता पहिली नोंद

आधी वाईट नमुना, असा मी शेकड्यानं टाइप केलाय:

"2 जानेवारी. आज माझी कथा परत आली. मन खिन्न झाले. या जगात खऱ्या साहित्याची कदर उरली नाही. माझी पत्नी, जी एका शाळेत शिक्षिका आहे, तिने मला धीर दिला. पण तेव्हा मला कुठे माहीत होते की हा तर फक्त प्रारंभ होता!!!"

ह्यात चुका मोजा. स्वतःच्या डायरीत स्वतःच्याच बायकोची ओळख कोण करून देतं? "तेव्हा कुठे माहीत होते" हे तर चालणारच नाही, डायरी त्याच रात्री लिहितात, त्याला उद्याचं काही माहीत नसतं, हाच ह्या प्रकाराचा कणा. खिन्न वगैरे भावना नाव घेऊन सांगायच्या नाहीत. तीन उद्गारचिन्हं बघितली की मी पानाला दोन रुपये जास्त लावतो, मनातल्या मनात.

आता तीच घटना:

"2 जानेवारी, शुक्रवार. स्टॉक 640 डझन, पैकी सेकंड 38. घरी आलो तर कथा परत आलेली. पण पाकिटावर माझं नाव संपादकांनी स्वतः हातानं लिहिलंय, म्हणजे दखल घेतली गेली. अक्षर वळणदार, घाईतलं नाही. हिला दाखवलं. ती म्हणाली, अहो हे तुमचंच अक्षर आहे, परतीचं पाकीट तुम्हीच नव्हतं का जोडलं? असेल. तरी तिकीट त्यांनी फार सरळ चिकटवलंय. (रात्री उशिरा) तिकीट पण मीच लावलं होतं."

काय केलं बघा. आधी धंद्याचा हिशोब, मग बातमी, लगेच सारवासारव, मग घरच्यांचं एक वाक्य, मग परत सारवासारव, आणि कंसात खरं. नोंद संपली. त्याला वाईट वाटलं असं कुठंही लिहिलं नाही.

पहिल्या नोंदीत ओळख, बालपण, मला लेखक का व्हायचंय, हे सगळं टाळा. मधूनच सुरू करा. वाचक दोन-तीन नोंदींत जुळवून घेतो, त्याला शेजाऱ्याची वही चोरून वाचल्यासारखं वाटलं पाहिजे.

लांबी शंभर-दीडशे शब्द. एखादी तीनशेची, एखादी तीन शब्दांची. सगळ्या सारख्या झाल्या की हजेरीपट वाटतो. आणि रोज लिहायचं नाही हो, वर्षात 365 नोंदी असं कुणी सांगितलंय? आठवड्याला एक-दोन पुरे. मधला खाडा पण बोलतो: 14 एप्रिलनंतर थेट 26 एप्रिल, आणि 26 ला फक्त "रागावलो होतो. आता ठीक."

थांबा: पाच नोंदी झाल्या की घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा, पण "विनोदी आहे" हे आधी सांगू नका. हसले नाहीत तर कुठं उठून गेले ते लिहून ठेवा, तिथंच कापायचंय.

टप्पा 6: पेरा आणि विसरल्यासारखं करा

वर 38 सेकंडचे डझन आले ते उगाच नाहीत. जानेवारीत तो लिहितो की सेकंडचा माल, कडेला धागा निघालेला, 12 डझनाचं बिल एका संस्थेच्या नावानं केलं, सवलतीत. मग त्याबद्दल एक अक्षर नाही. 27 फेब्रुवारीला त्याचा सत्कार, आयुष्यातला पहिला, आपल्याकडं सत्काराला टॉवेल असतोच. घरी येऊन उलगडतो तर कडेला धागा निघालेला. "कारखाना आमचाच. बिल माझ्याच हातचं. 12 डझन, म्हणजे अजून 143 सत्कार व्हायचेत." आणि त्याच नोंदीत अजून एक, निवेदकानं माइकवर म्हटलं, "आता निःशब्द दोन शब्द बोलतील." टोपणनाव जानेवारीत ठरलं, फळ फेब्रुवारीत आलं.

असे पाच-सहा धागे पुरतात. प्रत्येकाला कॅलेंडरवर दोन रंगीत खुणा करा, पेरलं कुठं आणि काढलं कुठं. मध्ये निदान तीन आठवडे जाऊ द्या. लगेच दुसऱ्या दिवशी काढलं तर वाचकाला तुमचा हात दिसतो. आणि काढताना "आठवतंय ना, जानेवारीत..." असं म्हणायचं नाही, ज्याला आठवेल तो हसेल, ज्याला नाही आठवणार त्याला पण टॉवेल कळतोच.

टप्पा 7: दोन भाषा वेगळ्या ठेवा

हे थोडक्यात, कारण ज्याला कान आहे त्याला सांगावं लागत नाही. डायरीवाला लिहिताना साहित्यिक व्हायला बघतो, "अंतर्मुख", "व्याकुळ सांज" वगैरे. घरचे बोलतात ते साधं, रस्त्यावरचे बोलतात ते सोलापुरी. "काय करलालास बे", "जाऊ दे की". हे दोन्ही एका नोंदीत घासले पाहिजेत. पण सोलापुरी ढंग प्रत्येक वाक्याला चिकटवू नका, तो नाटकी होतो, आणि बाहेरचा वाचक अडखळतो. बायको "अहो" म्हणते, आई "अरे", मित्र "बे", हे पक्कं करा आणि चुकूनही अदलाबदल नको. मामांची तेलुगू येत नसेल तर तेलुगू लिहूच नका, "मामा तेलुगूत काहीतरी म्हणाले, कौतुक असावं" एवढं पुरतं, आणि जास्त हसवतं. कन्नडचंही तेच.

टप्पा 8: वर्ष संपवणं आणि कापणं

शेवट बिघडवायच्या दोन हमखास रीती आहेत. एक, त्याला मोठा पुरस्कार देणं. दुसरी, त्याला शहाणा करणं, म्हणजे तो वही मिटतो आणि कुटुंबाचं महत्त्व ओळखतो. दोन्ही नको. 31 डिसेंबर गुरुवार आहे, कारखान्यात परत स्टॉक आहे. तो मोजायला जातो. पुढच्या वर्षाची डायरी आत्ता घेतली तर पूर्ण किमतीला, जानेवारीच्या शेवटी अर्ध्या किमतीला, म्हणून तो थांबायचं ठरवतो, आणि महिनाभराच्या नोंदी बिलबुकाच्या मागं लिहायचं योजतो. असं काहीतरी, त्याच्याच स्वभावातलं.

मग आठ दिवस वही कपाटात. बाहेर काढली की मोठ्यानं वाचा, पंखा बंद करून. ज्या विनोदाच्या नंतर तुम्ही तो समजावून सांगितलाय ते समजावणं कापा. एकाच प्रकारची निराशा तिसऱ्यांदा आली असेल तर दोन ठेवा. जिथं डायरीवाला इतरांवर फार चिडलाय, तिथं बहुतेक तो नाही, तुम्ही बोलताय, ते पूर्ण काढा. पाव भाग तरी जातो. गेला नाही तर तुम्ही नीट वाचलं नाही.

वस्तुस्थिती पण तपासा. माझ्याकडं अलीकडंच एक वही आली, त्यात हिरो 2026 च्या जूनमध्ये पोस्टात जाऊन "रजिस्टर्ड" करतो. 2025 मध्येच रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलंय. मग मी म्हटलं, कापू नका, त्याला खिडकीवर हट्ट करू दे की रजिस्टर्डच पाहिजे, साहित्य म्हणजे काय स्पीडनं जायची गोष्ट आहे का. चूक होती तिचाच विनोद झाला. सगळ्या चुका अशा नशीबवान नसतात, म्हणून तपासा.

टप्पा 9: टायपिंग आणि पाठवणं

आधी हिशोब. 60 नोंदी, सरासरी 150 शब्द, म्हणजे 9000 शब्द. डेमी आकाराच्या (पुस्तकाचा नेहमीचा आकार) पानावर अडीचशे-तीनशे शब्द बसतात, म्हणजे तीस-पस्तीस पानं, सोळा पानांच्या फॉर्मचे जेमतेम दोन फॉर्म. पुस्तक करायचं तर निदान सहा-सात फॉर्म पाहिजेत, तेव्हा आधी दिवाळी अंक बघा. तिथं पूर्ण वर्ष पाठवायचं नाही. एक-दोन धागे पूर्ण होतात अशा पंधरा-सोळा नोंदी निवडा, अडीच हजार शब्दांच्या आसपास. टॉवेलचा धागा घेतला तर जानेवारीतली सेकंडच्या बिलाची नोंद राहिलीच पाहिजे, ती गाळून सत्कार पाठवणारे पण आहेत.

टाइप युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर, मोबाइलवर उघडतं त्या पद्धतीत. जुन्या फॉन्टमधली फाइल समोरच्याकडं तो फॉन्ट नसला की फुटते. आमच्यासारख्या दुकानात दिलं तर काम सांगतानाच "युनिकोड" म्हणा, नंतर बदलून घेतलं तर जोडाक्षरं आणि रफार परत तपासावे लागतात आणि पैसे दोनदा. वहीचे मोबाइलवर काढलेले फोटो पाठवू नका, अंगठा येतो. तारीख आणि वार ठळक, बाकी काही ठळक नाही. कविता आल्या तर त्या मुद्दाम वाईट आहेत हे संपादकांना कळेल, पत्रात खुलासा करू नका. पत्र चार ओळींचं. कधीपर्यंत मजकूर घेतात ते पाठवायच्या आधी एकदा फोन करून विचारा, पाठवल्यावर रोज नको.

आणि फाइलचं नाव नीट ठेवा, तुमचं नाव आणि लेखाचं नाव, बस. "फायनल" असं नाव देऊ नका. माझ्याकडं एकाच गिऱ्हाइकाच्या "फायनल", "फायनल नवीन" आणि "फायनल खरी" अशा तीन फाइली पडल्यात. परवा त्यांनी चौथी पाठवली, "हीच छापा". उघडली तर सासूबाईंचं आधार कार्ड.